रेवस ते रेडी सागरी महामार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या किनाऱ्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या या रस्त्याबद्दल लोक फार विचारतात. नकाशात तो एका रेषेत दिसतो, प्रत्यक्षात मात्र खाड्यांनी त्याचे तुकडे केले आहेत. प्रवास आखणाऱ्यांना आणि रस्त्याकाठी राहणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथं एकत्र केलं आहे.

सागरी महामार्ग म्हणजे नेमका कोणता रस्ता?

रायगड जिल्ह्यातल्या रेवस बंदरापासून गोव्याच्या सीमेवरच्या रेडी गावापर्यंतचा रस्ता. सरकारी कागदावर तो 'रेवस-रेड्डी', प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे तीन जिल्हे तो पार करतो, लांबी ५०० किलोमीटरच्या आसपास भरते. उत्तरेचं टोक मुंबई बंदराच्या समोर आहे आणि दक्षिणेचं टोक तेरेखोल नदीजवळ.

वाटेत एकच पाटी सलग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी गावाच्या नावाची कमान, शाळेची पाटी आणि कडेचा हिरव्या डोक्याचा किलोमीटरचा दगड एवढीच खूण असते. हिरवं डोकं म्हणजे राज्य महामार्ग, पिवळं म्हणजे राष्ट्रीय. फाट्यावर गोंधळ झाला की आधी तो दगड शोधा, मग फोन काढा.

मुंबई–गोवा महामार्ग तो हाच का?

नाही. तो राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७. पेण, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, कणकवली, कुडाळ असा तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूनं जातो. सागरी महामार्ग त्याच्या पश्चिमेला, समुद्राला धरून. दोघांमध्ये ठिकठिकाणी आडवे रस्ते आहेत: माणगाव–श्रीवर्धन, खेड–दापोली, चिपळूण–गुहागर, हातखंबा–रत्नागिरी, कणकवली–मालवण. सागरी रस्त्यावर कुठं अडलात तर यातल्या एखाद्या रस्त्यानं वर चढून ६६ गाठता येतो.

बातम्यांत 'कोकण द्रुतगती महामार्ग' असंही नाव येतं. तो पूर्ण नव्या आखणीचा वेगळा प्रकल्प आहे, त्याची आणि याची गल्लत करू नका.

रस्ता सलग आहे का? गाडी न उतरवता रेवसहून रेडीला जाता येतं का?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथंच आहे. कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. डोंगरातून वेगानं येणारं पाणी किनाऱ्याजवळ पसरतं, भरतीचं पाणी आत शिरतं आणि मैलभर रुंदीच्या खाड्या तयार होतात. किनाऱ्यानं रस्ता काढायचा तर दर थोड्या अंतरानं अशी एक खाडी आडवी येते. लहान खाड्यांवर पूल झाले, मोठ्या खाड्यांवर अजून माणसं आणि गाड्या पाण्यावरून जातात.

उत्तरेकडून निघालात तर कुंडलिकेवर रेवदंडा–साळाव पूल आहे. तो जुना आहे आणि अवजड वाहनांवर वेळोवेळी बंदी येते. मुरूडच्या पुढं राजपुरीची खाडी. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीनं जावं लागतं. हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याला सावित्रीची बाणकोट खाडी, पलीकडे वेश्वी, पुन्हा फेरीबोट. दाभोळला वाशिष्ठी, पलीकडे धोपावे, तिथंही तेच. मग गुहागर तालुक्यातलं तवसाळ आणि रत्नागिरी तालुक्यातलं जयगड, मध्ये शास्त्री नदीची खाडी. अशा या चार फेऱ्या. त्यापुढं रत्नागिरीपासून खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असे पूल झालेले असल्यानं गाडी पाण्यावर चढवावी लागत नाही.

फेरीबोट नसेल तर काय होतं ते दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर कळतं. समोर धोपाव्याची घरं, माडांचे शेंडे, धक्क्यावर उभी माणसं दिसतात. बोटीनं काही मिनिटांचं अंतर. रस्त्यानं जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरकडे उतरायचं, म्हणजे शंभरच्या वर किलोमीटर. या दोन काठांवर सोयरिकी आहेत, मासळीचा व्यवहार आहे, कॉलेजला जाणारी मुलं आहेत. पर्यटकाला हा गमतीचा प्रवास वाटतो. काठावरच्या माणसाला शेवटची बोट चुकली तर रात्र पलीकडे काढावी लागते, आणि आजारी माणूस घरात असेल तर ती रात्र फार मोठी होते. पुलांची मागणी या माणसांची आहे आणि ती रास्त आहे.

फेरीबोट बंद असली तर पर्याय कोणता?

आगरदांडा–दिघी बंद असेल तर खाडीला वळसा घालून तळा–म्हसळ्याच्या बाजूनं यावं लागतं. बाणकोट खाडीसाठी आंबेत–म्हाप्रळ पूल आहे. तो दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी माणगाव किंवा मंडणगडात चौकशी करा. दाभोळला चिपळूणचा वळसा. तवसाळ–जयगडसाठी आबलोली, भातगाव पूल, जाकादेवी हा रस्ता बरा पडतो.

जंगलजेट्टीत गाडी चढवायची भीती वाटते. कसं करायचं?

गाड्या नेणाऱ्या या सपाट फेरीबोटीला रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बरेच लोक जंगलजेट्टीच म्हणतात. बोट उताराला लागते, पुढचा लोखंडी फाळका धाडकन खाली पडतो आणि आधी आतल्या गाड्या बाहेर येतात. मग खलाशी हात करतो. तो सांगेल तसंच करा. काही ठिकाणी गाडी उलटी आत घ्यावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर काढता येते. धक्क्याचा उतार आणि फाळका जिथं मिळतात तिथं एक खाच असते. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, सावकाश ती ओलांडा. मध्येच ब्रेक दाबलात तर शेवाळलेल्या उतारावर चाक जागच्या जागी फिरतं. आत गेल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटा. दोन गाड्यांत माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना धक्क्यावरच उतरवून चालत आत आणा.

मोटारसायकल असेल तर स्टँडवर भरवसा ठेवू नका, धरून उभे राहा. गाडी खाली बसकी असेल तर ओहोटीच्या वेळी बंपर घासतो.

भरती-ओहोटीचा हिशेब खरंच करावा लागतो का?

हो. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, म्हणजे पाणी फार वर येतं आणि तेवढंच खाली जातं. त्या दिवसांत पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि निसरडा होतो, कधी एखादी फेरी उशिरा सुटते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी असतो आणि नवशिक्याला सोपं जातं. गावातल्या कुणाही दर्यावर्दी माणसाला तिथी सांगितली की तो भरतीची वेळ तोंडी सांगतो.

किनाऱ्यावरच्या पुळणीवर गाडी उतरवू नका, हेही इथंच सांगतो. वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघाली नाही तर समुद्र तिची वाट बघत नाही. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं गेलं तर कळतही नाही.

ही कल्पना कुणाची? इतकी वर्षं काम का रेंगाळलं?

या रस्त्यामागं बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचा ध्यास होता. ते सावित्रीच्या काठावरच्या आंबेतचे, त्यामुळे खाडीपलीकडच्या गावाचं तुटलेपण त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात ते मुख्यमंत्री होते आणि तेव्हा सागरी महामार्गाला जोर आला. रेवस–करंजा पुलाचं स्वप्नही तेव्हाचंच.

रेंगाळण्याचं कारण एकच नाही. खाडीतला पूल खर्चिक असतो, खाली गाळ खोल असतो आणि मासेमारी बोटींसाठी उंची सोडावी लागते. गावांतून रस्ता रुंद करायचा तर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरांच्या पडव्या जातात, आणि वाड्यांचे सातबारे इतक्या वाटेकऱ्यांच्या नावावर असतात की भूसंपादनाला वर्षं लागतात. मधल्या काळात कोकण रेल्वे आली, १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली. मग सगळं लक्ष रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गाकडे गेलं. बाणकोट खाडीत पुलाचे खांब उभे राहिले आणि काम अडलं. ते खांब बघत दोन्ही काठची माणसं बोटीनं जात राहिली.

आता हे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. धरमतर खाडीवरचा रेवस–करंजा, रेवदंडा, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, रत्नागिरीजवळचं काळबादेवी आणि देवगडजवळचं कुणकेश्वर या ठिकाणच्या पुलांचा आराखड्यात समावेश आहे.

त्याआधी किनाऱ्यावरची माणसं प्रवास कसा करायची?

समुद्रातून. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटी सुटायच्या आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीपर्यंत जायच्या. बंदरात बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे लहान होडीतून, माणसं उतरायची. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर ती आठवण अजून सांगतात. रेवसच्या धक्क्यावर उभे राहाल तेव्हा ही गोष्ट ठाऊक असावी असं मला वाटतं.

मुंबईहून रेवसला कसं पोचायचं?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच आहे, करंज्याहूनही तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी आहे. गाडी न्यायची असेल तर भाऊचा धक्का ते मांडवा रोरो, ती २०२० मध्ये सुरू झाली. गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. रस्त्यानं यायचं तर पेण, वडखळ, अलिबाग. रेवस–करंजा पूल झाला की उरणच्या बाजूनं थेट येता येईल आणि शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूशी जोड मिळेल. तेव्हा अलिबाग तालुक्याचं रूप बदलेल यात शंका नाही, आणि जमिनींचे भाव बघता ते बदलायला लागलंच आहे.

किती दिवस लागतात?

घाईघाईत चार, नीट बघायचं तर आठवडा. इथं अंतरावरून वेळ काढता येत नाही. रस्ता अनेक ठिकाणी एका बसपुरता, वळणं आंधळी आणि दर दोन-तीन किलोमीटरवर गाव. तासाला ३० किलोमीटर धरा. मुक्काम मुरूड किंवा श्रीवर्धन, मग आंजर्ले-हर्णै, मग गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण असे पाडले तर अंधारात गाडी हाकावी लागत नाही. रात्री चालवू नका. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर, गुरं रस्त्यात बसलेली असतात.

कोणता टप्पा सगळ्यात सुंदर?

लोक आरे-वारे सांगतात. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना डोंगराच्या कडेनं रस्ता वर चढतो आणि खाली दोन्ही पुळणी एकदम दिसतात, ते खरंच डोळ्यांत मावत नाही. तिथं वळणावर गाडी उभी करू नका, पुढं जागा आहे.

माझं मन मात्र रत्नागिरीच्या खालच्या टप्प्यात रमतं: भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे. खाडी ओलांडली की रस्ता घाटीनं सड्यावर चढतो. वर आलं की सगळं उघडं: काळा-तांबडा जांभा, उन्हाळ्यात भाजलेलं गवत, मध्येच एकटं देऊळ किंवा गडग्यांनी आखलेली कलमांची बाग. आणि मग पुन्हा उतार, गारवा, पोफळी, पाटाचं पाणी. गावं सगळी खाली, वारा सगळा वर. पावसानंतर भाद्रपदात हाच सडा फुलांनी भरतो.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीजवळ जांभ्यावर कोरलेला हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभं राहिलं की नुसत्या रेघा दिसतात, आकार कळायला लांब जावं लागतं. त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत: मासे, पक्षी, चतुष्पाद. बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, उक्षी इथंही अशी चित्रं आहेत आणि २०२२ मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. चित्रावर पाय देऊ नका, खडूनं रेघा गिरवू नका. ज्यांनी हे शोधून काढलं त्या स्थानिक मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवले आहेत.

किल्ले किती लागतात?

पुष्कळ. कोर्लई, जंजिरा, पद्मदुर्ग, बाणकोट, सुवर्णदुर्ग, गोपाळगड, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड, नाट्याचा यशवंतगड, विजयदुर्ग, देवगड, सिंधुदुर्ग, निवती, आणि रेडीचा यशवंतगड. बहुतेक खाडीच्या तोंडावर. रस्त्याला आज जी खाडी अडवते तिच्यातूनच एके काळी व्यापार चालायचा. चौल, दाभोळ, राजापूर ही नावं त्यामुळंच मोठी. एकच बघायला वेळ असेल तर विजयदुर्ग बघा.

पावसाळ्यात जावं का?

रस्ता बघायला जायचं तर जा, समुद्रात उतरायला नको. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी मिळते, फेरीबोटी हवा बघून चालतात. घाट्यांत दरडी येतात आणि जांभ्यावरचं पाणी रस्त्यावर लोटतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे तिथल्या बागायतदारांचं नुकसान एका हंगामाचं नव्हतं. दिवेआगरला गेलात तर सुपारी तिथूनच घ्या.

पेट्रोल, पैसे, मोबाइल?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथं टाकी भरून घ्या. मधल्या पंपावर अवलंबून राहू नका. रोख रक्कम बाळगा, खाडीच्या तोंडाशी रेंज जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. तो फेरीबोटीला सलग रस्ता समजतो किंवा अजिबात धरत नाही, म्हणून वाट माणसांना विचारा. देवगडच्या खाली आलात की उत्तर मालवणीत मिळेल, "हयसून सरळ जावा, मगे उजवीकडे."

जेवणखाण?

घरगुती खाणावळीत सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी हॉटेल शोधत बसू नका. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो बघण्यासारखा आहे. घेताना अलिबागचा पांढरा कांदा, देवगडचा हापूस आणि वेंगुर्ल्याचा काजू त्या त्या गावातच घ्या.

रस्ता चौपदरी व्हावा का?

पूल व्हावेत, लवकर व्हावेत. पण गावांच्या मधून चौपदरी रस्ता नको असं माझं स्पष्ट मत आहे. केळशी, मुरूड, दिवेआगर, आचरे या गावांत रस्त्याला लागून वाडी, वाडीला लागून घर आणि घरामागं समुद्र अशी चिंचोळी रचना आहे. रस्ता दोन्ही बाजूंनी वाढला तर विहीर जाते, पाट जातो आणि उरलेल्या तुकड्यात बाग राहत नाही. गावाबाहेरून सड्यावरून वळण काढायला जागा आहे, ते महाग पडलं तरी करावं. आतला जुना रस्ता गावाला राहू द्यावा, फक्त खड्डे भरावेत, साइडपट्टी पक्की करावी आणि वळणावर आरसे लावावेत.

फेरीबोटीवर काम करणारी माणसं त्याच काठावरची आहेत. पूल होताना त्यांच्या कामाचा विचार आधी झाला पाहिजे, नंतर नव्हे.

मालवणपासून रेडीपर्यंत वाट कशी?

मालवण, चौके, कर्ली नदी ओलांडून परुळे. इथंच चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ, ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झालेला. पुढं म्हापण, वेंगुर्ले, मोचेमाड, आरवली, शिरोडा. शिरोड्याला मिठागरं आहेत आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथं झाला होता. आरवलीचा वेतोबा वाटेवरच आहे, नवस फेडायला आणलेल्या मोठाल्या चपला तिथं बघायला मिळतात. शिरोड्यापासून रेडी जवळ. रेडीला खनिजाचं बंदर असल्यानं ट्रकांची वर्दळ असते, मोटारसायकलवाल्यांनी जपून जावं.

रेडीच्या पुढं गोव्यात कसं जायचं?

रेडीहून तेरेखोल किल्ल्यापर्यंत रस्ता जातो. किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असला तरी गोव्यात मोडतो, १९६१ पर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता. किल्ल्याखालून गोवा सरकारची फेरीबोट पलीकडे केरीला नेते, तिथून हरमल, मांद्रे करत पुढं जाता येतं. फेरी चुकली किंवा गाडी मोठी असली तर मागं येऊन आरोंदा–किरणपाणी पुलावरून पेडणे तालुक्यात उतरा. संध्याकाळी उशीर झाला असेल तर किल्ल्याकडे न वळता थेट आरोंद्याचाच रस्ता धरा.